अनसाबाईंनी अडवलेला जादा तास

अनसाबाई शाळेची पायरी चढल्या त्या फक्त पालक म्हणून. तरी गणित कधी शिकवायला घ्यावं हे मला कुणी शिकवलं असेल, तर या बाईंनी. आज हे मी हसत सांगतो. २००३च्या जूनमध्ये मात्र त्यांच्या नावानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तळेगाव ढमढेऱ्याच्या हायस्कुलात मी गणित शिकवत होतो. बीजगणितासाठी आठवीची वाट बघायची नाही, सहावीतली आठ हुशार मुलं निवडायची आणि सकाळी आठ वाजता जादा तासाला बसवायची, असं त्या वर्षी मी ठरवलं. शहरातली पोरं पुढं पळतात आणि आपली मागं राहतात, याचा मला राग होता. खरं तर राग त्याहून जुना होता. माझे वडील कोंडिबा केडगावला रेल्वेत गँगमन. पस्तिसाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात जाऊन ते सही करायला शिकले. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीला उशीर झालेला. माझी मुलगी माया त्याच सहावीत होती, आणि तिला कशालाही उशीर होऊ द्यायचा नाही, हे माझं पक्कं होतं.

मी वीस प्रश्नांची चाचणी घेतली. अनसाबाईंच्या सोनमला वीसपैकी वीस. माया नववी आली. मी आठ घरी चिठ्ठ्या धाडल्या. दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. मेथीच्या जुड्यांची पाटी शेजारणीच्या हवाली करून अनसाबाई थेट शिक्षकांच्या खोलीत आल्या.

"सर, सोनमला नका घेऊ. अजून न्हाई."

"का? सकाळच्या कामाला कोण, म्हणून?" मी खोचकपणे विचारलं.

"कामाला मी हाय की." त्या बाकावर बसल्या. "लगीन हून आले तवा आमची दीडशे मेंढरं व्हती. ल्हान कोकरं जाळीत कोंडायची, जाणती झाली की कळपामागं सोडायची. एक कोकरू लई गुबगुबीत व्हतं. अंग बघून म्या सोडलं. नुसत्या दुधावर वाढल्यालं ते, चारा पचंना. चौथ्या दिशी वाटंत बसलं ते उठलंच न्हाई. माझे सासरे म्हस्कूआबा येवढंच बोलले, पोरी, अंग बघून सोडत न्हाईत, रवंथ बघून सोडत्यात. तर सर, वीस मार्क म्हंजी अंग झालं. रवंथ करती का ते बघू द्या मला."

"ताई, सोनम मेंढरू नाही."

"व्हय की. म्हनून तर जास्ती जपायचं."

"आणि तुम्हाला कधी कळणार?"

"कळंल. कळलं की मीच आणून सोडीन," असं म्हणून त्या मेथी विकायला गेल्यासुद्धा.

मी दोन दिवस धुमसत होतो. मग सोनमची रिकामी जागा मायाला दिली. कुणी काही बोललं नाही. मास्तरची मुलगी म्हटल्यावर बोलणार कोण?

गणपतीच्या दिवसांत मी त्यांच्या घरी गेलो. समजूत घालून मुलगी मिळवायचीच, या इराद्यानं. मेंढरं आता विसाच्या आत आली होती, अनसाबाईंचे मालक बिरदेव कारेगावच्या कारखान्यात पाळीला जात, आणि ओट्याशेजारच्या वाफ्यांचं सगळं अनसाबाई बघत. संध्याकाळ होती. बाई जुड्या बांधत होत्या आणि समोर सोनम बसलेली. त्या दिवशी वर्गात मी अपूर्णांकाचा भागाकार शिकवला होता. आज काय शिकलीस ते आईला समजेल असं सांगायचं, हा त्या घरातला रोजचा नेम होता. मला चहा दिला आणि तो पुढं चालू राहिला.

"तीन भागिले पाव," सोनम म्हणाली. "पावाला उलटा करायचा, म्हंजी चार. तीन चोक बारा."

"आसंल बारा. पन उलटा का करायचा?"

"सरांनी सांगितलंय."

मायलेकी दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी तोंड उघडलं, तर अनसाबाईंनी हात वर केला. "तुम्ही नगा सर. तिला सांगू द्या."

सोनमला सांगता आलं नाही. "मग उंद्या इचार करून सांग," एवढं म्हणून त्यांनी पुढची जुडी घेतली. ना राग, ना घाई. मी चहा संपवून निमूट निघालो, कारण वर्गात 'उलटा करायचा' एवढंच सांगून मी फळा पुसला होता.

घरी येऊन मी मायाला समोर बसवलं. तिचा जादा तास समीकरणांपर्यंत गेला होता. "बाजू बदलली की अधिकचं उणे होतं," ती म्हणाली. "का होतं?" मी विचारलं. ती उत्तरासाठी माझा चेहरा वाचायला लागली. मग हळूच म्हणाली, "पप्पा, मी पाठ करते. मला वाटलं सगळे असंच करतात."

पण मी तिला तासातून काढलं नाही. होईल हळूहळू, असं स्वतःला समजावत राहिलो.

दिवाळीनंतर पहिल्याच सकाळी आठ वाजता अनसाबाई सोनमला घेऊन वर्गाच्या दारात उभ्या. "घ्या आता," म्हणाल्या. सोनमनं मी न विचारताच सुरुवात केली. एका भाकरीचे पाव पाव चार तुकडे होतात, तीन भाकरींचे बारा. तिनात पाव किती वेळा बसतो एवढंच विचारलेलं असतं, म्हणून चारनं गुणायचं.

"भाकरी सोडून तेलाच्या मापावर इचारलं, तरी सांगती," अनसाबाई म्हणाल्या.

"पण तास पाच महिने पुढं गेलाय, ताई."

"जाऊ द्या. आता तिला चरता येतंय. गाठंल."

मी मागं बघितलं. आठ जणांत माया बसली होती, वहीवर डोळे, ओठ हलत होते. ती नियम घोकत होती. मी अनसाबाईंना व्हरांड्यात घेऊन गेलो आणि विचारलं, "माझ्या मायाचं काय करू?"

"तिला इचारलं का कदी?"

"विचारलं. पाठ करते म्हणाली."

"कवा?"

"गणपतीत."

"मग मला कशापाई इचारताय सर? तुम्हांला ठावं हायच की."

त्या दिवशी मायाच्या जागेवर सोनम बसली. माया दप्तर आवरून व्हरांड्यात आली, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. "मी नापास झाले का?" तिनं विचारलं. "नाही. घाई मी केली," मी म्हणालो. "का होतं ते तुला सांगता आलं, की मला येऊन सांग. मी वाट बघतो."

सोनमनं संक्रांतीपर्यंत तास गाठला. माया आली ती पुढच्या श्रावणात, सातवीत असताना. एका संध्याकाळी वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंतून सारखंच काढलं की काय होतं, हे तिनं तराजूचं चित्र काढून सांगितलं. मी 'का' विचारलं, तिनं सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती चिडली. "पप्पा, एवढं साधं तुम्हाला कळत नाही?" मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता यायला सांगितलं.