शामकलाबाईंची गुलाबी खीर

आमच्या कुडवा गावात कुणाच्या पोरानं औषध थुंकलं, की हाक जायची शामकलाबाई रहांगडाले यांना. बाई हातातलं काम टाकून निघायच्या. गोळी कुटून गुळात, सिरप दह्यात, काढा भज्यांच्या पिठात, असं त्यांचं शास्त्र होतं. पोराला पत्ता लागता कामा नये, एवढा एकच नियम. "खोटं बोलल्याबगर पोट्टे दवा घेतच नाही," असं त्या इतक्या गंभीरपणे सांगायच्या, की खोटं हाही औषधातलाच एक घटक असावा असं वाटायचं. मी त्यांचा शेजारी, माझं पोरही मी त्यांच्याच हवाली केलं होतं, त्यामुळं मला हसायचा फारसा अधिकार नाही. तरी हसतो.

गेल्या वर्षी त्यांची पाच वर्षांची नात गुंजन तापानं फणफणली. घसा सुजला होता. गोंदियाच्या डॉक्टरांनी गुलाबी औषध लिहून दिलं आणि पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ चुकवू नका असं बजावलं. सून रविता बाटली उघडते तोच सासूबाईंनी ती काढून घेतली.

"तू कायले डोकं लावते? मी आहो ना!"

तांदळाची वाटीभर खीर झाली, तिच्यात औषध गेलं. खीर गुलाबी दिसू लागली, तेव्हा नातीला सांगितलं, केसर टाकलं आहे. त्या घरात केसर शेवटचं कधी आलं होतं, हे देवालाच ठाऊक. गुंजननं दोन चमचे खाल्ले आणि घसा दुखतो म्हणून वाटी सरकवली. शामकलाबाई खूश. गेली दवा!

चार दिवस रोज दोन्ही वेळा हेच. पाचव्या दिवशी ताप एकशे तीन. अख्खं घर पुन्हा दवाखान्यात. खिरीची हकिकत ऐकून डॉक्टरांनी विचारलं, "किती खाल्ली पोरीनं?"

"खाल्ली ना. दोन चमचे."

"आणि बाकीची?"

सगळ्यांनी मनिरामभाऊंकडे पाहिलं. मनिरामभाऊ म्हणजे शामकलाबाईंचे यजमान. महिनाभर खोकत होते, या चार दिवसांत एकदम ठणठणीत झाले होते.

"अन्न फेकाचं काय मंग?" ते म्हणाले.

"छान. म्हणजे औषध आजोबांना लागू पडलं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "आता पहिल्यापासून सुरू करा. उद्यापर्यंत नीट पोटात गेलं नाही, तर पोरीला भरती करावं लागेल. आणि लपवू नका. औषध आहे म्हणून सांगा, सरळ पाजा, वरून पाणी द्या."

गुंजन हे सगळं ऐकत होती, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरी आल्यावर पेज नको, वरण नको, पाण्याचा ग्लाससुद्धा हुंगून परत. शामकलाबाईंनी लाडीगोडी लावून पाहिली, देवाची शपथ घेऊन पाहिली.

"पयले आजोबाले पाज," गुंजन म्हणाली.

मनिरामभाऊ मुकाट्यानं उठून ओसरीवर गेले. शामकलाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, त्या वेळी मला हसू आलं नाही.

शेवटी रविता बाटली घेऊन पोरीसमोर बसली.

"हे औषध होय. कडू लागते. एक चमचा आहे."

"अजून कशात टाकलं?"

"कशातच नाही."

गुंजननं आईकडे बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटून तोंड उघडलं. गिळताना तोंड वेडंवाकडं केलं, वर पाणी प्यायली आणि पडून राहिली. पुढचा प्रत्येक डोस तसाच गेला. भरती करायची वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पोरीला भूक लागली.

शामकलाबाई आनंदानं धावत आत गेल्या. गरम भात, वर साधं वरण, असं ताट त्यांनी स्वतःच्या हातानं नातीपुढं ठेवलं.

"खाय वं माय. नुसता भात होय."

गुंजननं ताटाकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं, आणि मान वळवून स्वयंपाकघराकडं हाक मारली.

"आई, आजी खरं बोलून राहिली काय?"