चाळणीबाईची माती

रोपवाटिकेतले लोक, शेजारीही, माझ्या आत्याला चाळणीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं ती तिथे एकच काम करत आली होती, कुंड्यांसाठी माती तयार करण्याचं. पण नाव काही मातीवरूनच पडलं होतं असं नाही. माणसंही ती चाळूनच घेई. मी तिच्याकडे राहायला आले त्या दिवशी तिने मला दारातच आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "भावाची मुलगी म्हणून ठेवून घेतेय. भांड्यांचा कंटाळा केलास तर तुझं बोचकं जिन्यात सापडेल." मी औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरवर उभी राहून येई आणि मुकाट्याने भांडी घाशी.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि डोक्यावर गच्ची. गच्चीत निम्मं कापलेलं निळं पिंप होतं आणि त्यात माझ्याहून हातभर उंच असं कांचनाचं झाड. आत्याच्या मुलीने आठ वर्षांची असताना शाळेच्या आवारातून शेंग आणून दुधाच्या पावडरीच्या डब्यात बी लावलं होतं. बीला दोन पानं फुटली आणि चार दिवसांच्या तापात पोरगी गेली. हे मी आत्याच्या तोंडून एकदाच ऐकलं, तेही भाजी चिरताना, आणि पुढच्याच वाक्याला मिठाचा डबा कुठे ठेवलास म्हणून तिने मला झापलं. झाडाला शेंगा धरत. त्यातलं बी लाव की, असं मी एकदा सुचवलं होतं. "त्यातून येईल ते दुसरं झाड," ती म्हणाली. "हे पोरीच्या हातचं आहे."

त्या वर्षी झाडाची रया गेली. पाणी घातलं की ते क्षणात पिंपाच्या बुडातून वाहून जाई. पानं लहान यायला लागली, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या. मुळांनी पिंप गच्च भरून टाकलं होतं, आत माती अशी उरलीच नव्हती. झाड बाहेर काढून, मुळं छाटून, नव्या मातीत बसवायला हवं होतं. जुन्या झाडाला हे सोसतंच असं नाही. सगळी भिस्त नव्या मातीवर असते.

आता माती म्हटलं की आत्यापुढे बोलायची सोय नव्हती. रोपवाटिकेच्या मालकाच्या मुलाने तयार मिश्रणाची पोती आणली तेव्हा तिने पोत्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून सगळ्यांची करमणूक केली होती. तिची पद्धत साधी होती. माती उन्हात वाळवायची, चाळायची, हुंगायची. वाळू चिमटीत चोळून बघायची. मग सगळं कालवून, जरा ओलवून मूठ आवळायची. गोळा झाला पाहिजे आणि बोट लावताच फुटलाही पाहिजे. गोळाच झाला नाही तर पाणी ठरणार नाही, फुटला नाही तर मुळं गुदमरणार. "माती डोळ्याला फसवते," ती म्हणे, "हाताला नाही."

आणि नेमके हातच गेले होते. तिने मला सांगितलं नाही, पण मी काही आंधळी नव्हते. आदल्या महिन्यात तिने गॅसवरचं पातेलं फडक्याशिवाय उचललं आणि खाली ठेवलंही सावकाश. फोड आले ते मला दिसले, तिला जाणवले नाहीत. ब्लाउजचे हूक लावायला तिला पाव तास लागे. साखरेच्या आजारात बोटं बधिर होतात, त्याच्या गोळ्या मी रोज दहा जणांना मोजून देत होते. दिव्याखाली अंधार तो हाच. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणाली, "त्याला काय, दुकान चालवायचंय." मी दोनदा म्हटलं आणि सोडून दिलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिने मातीचं काम काढलं. रोपवाटिकेतून काळी माती आणली होती, कुजलेल्या पाल्याचं खत आणलं होतं आणि दोन घमेली वाळू. शेजारच्या सुताराने आणि मी मिळून पिंप आडवं केलं आणि झाड ओढून काढलं. आत्याने करवतीने मुळांचा वेढा कापला. सुतार म्हणाला, "चाळणीबाई, करवत वाकडी चाललीय तुमची." तो चेष्टेत म्हणाला होता. नाव तोंडावर घेतलं गेलं हेसुद्धा तिच्या ध्यानात आलं नाही.

मग तिने माती कालवली आणि मूठ आवळली. बोट लावलं. गोळ्याकडे बघत राहिली. पुन्हा आवळली, पुन्हा बोट लावलं. किती जोर लागला तेच तिला उमगत नसावं. आणि जे मी त्या घरात चार वर्षांत ऐकलं नव्हतं ते ऐकलं.

"तू बघ गं जरा."

मी मूठ आवळली. गोळा मळलेल्या कणकेसारखा झाला, बोटांचे ठसे उमटलेला, चकचकीत. बोट लावलं तर नुसता खळगा पडला. वाळू चिमटीत घेऊन बघितली. ती गिलाव्याची बारीक वाळू होती. काळ्या मातीत जाड वाळू हवी, बारीक वाळूने माती सिमेंटसारखी बसते. दोन्ही ढीग ओले असले की सारखेच दिसतात, फरक चिमटीतच कळतो. रोज जेवताना तिच्या तोंडून हेच ऐकत आले होते मी. मला सगळं कळलं.

"छान आहे," मी म्हटलं. "भुसभुशीत."

का म्हटलं? ती माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, त्या डोळ्यांना 'नाही' म्हणणं मला जमलं नाही. ही दया झाली. पण खरं सांगायचं तर मला बाराच्या आत आंघोळ करून बाहेर पडायचं होतं, आणि नाही म्हटलं असतं तर सगळी माती टाकून देऊन पुन्हा माती न् वाळू आणायला जावं लागलं असतं. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं किती, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

सुरुवातीला झाड बरं दिसलं. तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडली. आत्या म्हणाली, छाटलंय, रुसणारच. पाचव्या आठवड्यात पानं गळली आणि पाणी घातलं की ते वरच साचून राहू लागलं. मी बुडाच्या भोकांत काडी घालून बघितली, भोकं मोकळी होती. सातव्या आठवड्यात पिंपाला वास यायला लागला. गटाराचा येतो तसा. आत्याने नखाने खोडाची साल खरवडली. आत हिरवं असायला हवं होतं, तिथे तपकिरी होतं. तिने आणखी खाली खरवडलं, मग आणखी खाली, मातीपर्यंत.

आम्ही दोघींनीच पिंप आडवं केलं. मुळं काळी पडली होती, हात लावला की वरची साल मोज्यासारखी निघून यायची. आत्या खाली बसली. तिने ओंजळभर माती उचलून हुंगली आणि मांडीवर ठेवली. ती रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. मीच रडायला लागले.

"रडू नकोस," ती म्हणाली. "हात गेलेत माझे. दोन वर्षं झाली. मला माहीत होतं, म्हणून तर तुला विचारलं." तिने मातीचे हात पदराला पुसले आणि माझ्या पाठीवर ठेवले. असं तिने कधी केलं नव्हतं. "तुझा काय दोष त्यात? तुला मी शिकवलंच कधी? नुसती तोंडाने बडबड केली. हातात माती दिली असती तर तुला कळलं असतं, आणि माझ्या पोरीचं झाड वाचलं असतं. माझीच चूक ती."

हीच वेळ होती. तोंड उघडायचं होतं, बस.

"हो ना, आत्या," मी म्हटलं. "मला कुठे काय कळतं त्यातलं."

पहिलं खोटं बोलताना निदान थोडी दया तरी होती.