सरदाराचं लांबलेलं लग्न

विमल गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याचसाठी मेतकूट डब्यात भरत होते. "काकू, आई गेली... पहाटे, झोपेतच," तिचा मुलगा अमित म्हणाला. मी म्हटलं, "बरं." अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते बोलतो. डब्याचं झाकण लावलं आणि मग खाली बसले. याला आता दीड महिना होईल.

आमची ओळख इथलीच, श्टुटगार्टजवळच्या गेर्लिंगेनमधली. तिचा मुलगा आणि माझा जावई एकाच ऑफिसात. आम्ही दोघी विधवा, दोघी सांगलीकडच्या, आणि दोघींचं जर्मन भाजीच्या नावांपलीकडे जात नव्हतं. विमलला हृदयाचा त्रास होता, पण तिचं खरं दुखणं म्हणजे नात. मीरा तेरा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "शाळेत काय झालं गं?" असं विचारलं की पोरगी दोन मिनिटं भडाभडा बोलून खोलीत पसार. "मग अमित मला सांगतो ती काय म्हणाली ते," विमल म्हणायची. "माझ्याच नातीशी मी दुभाष्यामार्फत बोलते, नलू. परदेशी पाहुण्या मंत्र्यासारखी!"

आमच्या चौकात जुन्या टेलिफोन बूथचं पुस्तकांचं कपाट केलंय. कुणीही ठेवावं, कुणीही न्यावं. त्यातून विमलने एक जर्मन पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर घोडा, किल्ला आणि तलवारवाला एक गृहस्थ. "राजेरजवाड्यांचं दिसतंय. पोरीला इतिहासही कळेल आणि मला मराठीत सांगेलही," ती म्हणाली. गृहस्थाच्या सदऱ्याची बटणं पोटापर्यंत उघडी आहेत, हे मी तिला दाखवलं. "लढाईहून आला असेल," विमल म्हणाली.

रविवारी दुपारी इथे दुकानं बंद, रस्ते चिडीचूप. अशा दुपारी विमलच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी बसलो. पहिल्याच पानावर लिओपोल्ड नावाचा हा देखणा सरदार कुणा दुसऱ्याच्या बायकोच्या खिडकीतून उडी मारून पळाला. मीरा लालबुंद झाली. "आजी, दास इस्ट..." एवढं जर्मनमध्ये म्हणून थांबली. विमल शांतपणे शेंगा सोलत म्हणाली, "इतिहासात असतात असे. पुढे?" पुढे तो शार्लोट नावाच्या, गरिबीत आलेल्या खानदानी घराण्यातल्या मानी मुलीच्या प्रेमात पडला आणि मीराला मराठीची गरज पडू लागली. "त्याने तिच्याकडे... असं बघितलं." विमल म्हणायची, "असं म्हणजे कसं? रोखून? चोरून? टक लावून?" मीरा विचार करून सांगायची, "टक लावून. आधी चोरून." महिन्याभरात त्या पोरीला रुसवा, आर्जव, मनधरणी सगळं येऊ लागलं. 'भांडी घास' तेवढं येत नव्हतं, पण ते तर मराठी शाळेतल्या मुलांनाही येत नाही.

मी अर्थातच सरदाराच्या बाजूची. रंगेल माणूस प्रेमाने सुधारतो यावर माझा फार जुना विश्वास. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये राजपुत्र झालेल्या एका मुलावर मी भाळले होते. नेमकं सांगायचं तर त्याच्या मिशीवर. दुसऱ्या दिवशी तो बिनमिशीचा समोर आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही, त्यालाच विचारलं, "ते राजपुत्र कुठे भेटतील?" एवढी मी चतुर! विमल हे ऐकून ठसका लागेपर्यंत हसली होती.

तर सरदार आणि शार्लोटच्या लग्नाची मला घाई होती, आणि ते काही होईना. शार्लोटच्या आजीने, म्हाताऱ्या काउंटेसने, सगळं अडवून धरलं होतं. आज तिने सरदाराला तबेला झाडायला लावला, पुढच्या रविवारी लसूण सोलायला. "मेलीला काय झालंय?" मी चिडायचे. "शहाणी बाई आहे," विमल म्हणायची. "पोरगी द्यायची म्हणजे चार वेळा वाजवून बघायला नको?"

मग विमल हॉस्पिटलमध्ये गेली. शेवटच्या भेटीत तिने माझं मनगट धरलं. "नलू, ते पुस्तक संपत आलं असेल गं... संपलं की मीरा पुन्हा गप्प होईल. पुढे सरक, पुढे सरक म्हणून तिच्या मागे लागू नकोस." मी म्हटलं, "तू घरी ये आणि तूच लांबव." ती नुसती हसली.

तेराव्यानंतरच्या रविवारी मीरा पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. मग माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, "शेवटचं वाच बाई. काय व्हायचं ते होऊन जाऊ दे." तिने वाचलं. चर्च, फुलं, सरदाराच्या डोळ्यांत पाणी... पाच मिनिटांत लग्न लागलं. इतकी वाट पाहिलेलं लग्न, आणि मला काही म्हणता काही वाटलं नाही. "आणि म्हातारी कुठे होती गं लग्नात?" मी विचारलं.

मीराने पुस्तक मिटलं. "नलूआजी, ती पुस्तकात नाहीये."

"म्हणजे मेली?"

"नाहीचे. कुठेच. पुस्तक मी पहिल्याच आठवड्यात वाचून संपवलं होतं. खूप छोटं आहे ते." मग खाली बघत म्हणाली, "लगेच लग्न झालं असतं, तर आजीशी रविवारी मी काय बोलले असते?"

हे सगळं ती मराठीत बोलली. मी उठून चहा टाकला. विमलला हे कळलं होतं का, कोण जाणे. आता विचारायची सोय नाही.

पुस्तक आम्ही चौकातल्या कपाटात परत ठेवलं, आता त्याचा काही उपयोग नव्हता. मीरा रविवारी अजूनही येते. सरदाराचं लग्न तिने अर्थातच मोडलंय. परवा म्हाताऱ्या काउंटेसने सरदाराला भाकरी थापायला बसवलं. पहिली फाटली.