बरोबरीचा डाव

पांढरा दगड फळीवर ठेवला की तो अंगठ्यानं किंचित दाबायचा. खाडीकाठच्या खारातल्या बांधावर चिखलाचं ढेकूळ बसवावं, तसा. मग माझ्याकडे बघून म्हणायचा, "पाणी कुठनं येतंय ते बघा, स्टोरवाले!"

मी बघायचो. पाणी मला फक्त माझ्या कपाळावर सापडायचं.

तो रोह्याच्या एका कारखान्यात फिटर आणि मी तिथल्याच स्टोअरमध्ये कारकून, पेणहून ये-जा करणारा. नवी यंत्रं बसवायला एक जपानी इंजिनीअर आला होता. त्यानं जेवणाच्या सुट्टीत आम्हा दोघांना 'गो' शिकवला. एकोणीस आडव्या रेघा, एकोणीस उभ्या. एकाचे दगड काळे, दुसऱ्याचे पांढरे. रेघा छेदतात तिथं आळीपाळीनं ठेवायचे आणि जास्त जागा वेढायची. चारी बाजूंनी कोंडला गेलेला दगड मेला. नियम पाच मिनिटांत कळतात. आपण मठ्ठ आहोत हे कळायला मात्र दोन-तीन डाव लागतात.

मला लागले बावीस. मी बी.कॉम., तो सातवी. पण त्याच्या बापजाद्यांचा जन्म खाडीकाठी बांध घालण्यात आणि मिठागरात गेलेला. मी एखादा कोपरा धरून ऐटीत बसलो की तो हळूच म्हणायचा, "खांड गेली." बांधाला भगदाड पडलं की तिकडे असं म्हणतात. पुढच्या पाच खेळ्यांत माझं सगळं शेत खारं झालेलं असे.

बावीस डाव ओळीनं हरल्यावर, हा रिकामटेकड्यांचा खेळ आहे, असं मी कँटीनमध्ये जाहीर केलं आणि सोडून दिला. जपानी पाहुणा जाताना फळी आणि दगड त्याला देऊन गेला. मला पेन दिलं. तुम्हीच काय ते समजा.

निवृत्तीनंतर तोच खेळ मला फोनमध्ये सापडला. त्यातल्या सगळ्यात खालच्या पायरीच्या गड्याला मी हरवलं आणि मला वाटलं, आता रोहा जिंकायला हरकत नाही. बुधवारी गाडी पकडली. फोनवरचं कोडं सोडवता सोडवता अलीकडच्या निडी स्टेशनलाच रोहा समजून उतरलो. पुढची गाडी येईपर्यंत ते कोडंही सुटलं नाही.

तो ओटीवर फळी पुसत बसला होता. जणू मी तीस वर्षांनी नव्हे, चहा पिऊन परत आलो होतो.

"किती दगड देऊ आगाऊ?" कच्च्या गड्याला डावाआधीच काही दगड मांडू देतात.

"एकही नको!"

"नऊ घ्या," तो म्हणाला. नऊ घेऊनही मी हरलो. वहिनी, म्हणजे त्याची बायको, उंबऱ्यात वाल सोलत होत्या. "भावजी, पोहे खाऊन मग हरायचं व्हतं," एवढंच म्हणाल्या.

मग दर बुधवार ठरला. मला एकच हवं होतं. आगाऊ दगड न घेता, बरोबरीनं खेळून त्याला एकदा हरवायचं. पहाटे उठून मी कोडी सोडवू लागलो. नवाचे सात झाले, सातावर गाडी अडली.

तेव्हा मी लबाडी केली. फोन खिशात घालून मी दर थोड्या वेळानं परसात जाऊ लागलो. चौथ्या फेरीनंतर वहिनींनी मेथीचं पाणी आणून ठेवलं. "साखर तपासा, भावजी." फोननं सांगितलेली खेळी मी रुबाबात खेळलो. तो फळीवर वाकला.

"ही खेळी तुमची नाय."

"मग कुणाची?"

"ज्याची हाय त्याला पुढची पण इचारून या."

पाचव्यांदा उठायची माझी छाती झाली नाही. डाव हरलो, मेथीचं पाणीही प्यावं लागलं.

त्यानंतर मी सरळ मार्गानं हरू लागलो. सातावरून चारावर यायला वर्ष गेलं, चारावरून एकावर यायला आणखी एक. एका बुधवारी त्यानं आपणहूनच म्हटलं, "आज आगाऊ काय नाय. बरोबरीनं."

त्या दिवशी मी खरंच बरा खेळलो. तो दोनदा डोकं खाजवून थांबला. डाव मध्यावर असताना माझ्या गाडीची वेळ झाली. "ऱ्हाऊ दे तसाच," तो म्हणाला, "पाळी तुमची. इचार करून या."

मी फळीचा फोटो घेतला आणि चार दिवस फक्त त्यावर डोकं लढवलं. फोनला विचारलं नाही, शपथ. मला मधोमध एक जागा सापडली, जिथून सगळा डाव माझ्या बाजूनं फिरत होता. रविवारी निरोप आला, तो झोपेतच गेला.

तेराव्यानंतर मी पुन्हा गेलो. फळी तशीच होती, वर धुतलेला पंचा अंथरलेला. "पाळी तुमची व्हती ना?" वहिनींनी पंचा उचलत विचारलं. मी काळा दगड उचलला आणि मधोमध ठेवला.

वहिनी एकदम हसल्या. मग डोळे पुसले. "तुमची गाडी सुटायच्या आत मला बोलले, 'बुधवारी येऊन हितंच टाकतील बघ. मंग मी हितं.'"

त्यांनी पांढरा दगड ठेवला. माझे अकरा दगड कोंडले गेले होते. त्यांनी एकेक करून ते उचलले. फळीच्या मधोमध मोठी रिकामी जागा झाली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो.