एक खुर्ची, दोन साडू

‘आता सगळं वरच्याच्या हातात’ असं बंदरावर कुणी म्हणालं, की नवखा माणूस आभाळाकडे बघायचा आणि जुनी माणसं क्रेनकडे. तिथे, पाहताना मान अवघडावी इतक्या उंचीवर, काचेची जमीन असलेल्या केबिनमध्ये वरचे काका बसलेले असत. जहाजातला कंटेनर उचलायचा, हवेतून आणायचा आणि खाली उभ्या ट्रकवर अलगद ठेवायचा, हे त्यांचं काम. जमीन काचेची, कारण क्रेनवाल्याचं सगळं जग त्याच्या दोन बुटांच्या मधे असतं. गुडघे फाकवून, पुढे वाकून, मान खाली घालून बसायचं. “लग्न झालेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही,” असं काका स्वतःच सांगत.

वर संडास नाही. त्यामुळे चढण्याआधी चहा अर्धाच कप. ही सवय इतकी अंगात मुरली, की एकदा मयताच्या घरी कुणी चहाचा आग्रह केला तेव्हा काका चटकन म्हणाले, “नको नको, मला आता वर जायचंय.” त्या घरातली म्हातारी त्यांना धरूनच रडायला लागली.

दोरांना टांगलेला कंटेनर झोका घेतो. तो झोका काका डोळ्यांनी मोजत नसत, बुडाने मोजत. खुर्चीतून कमरेत काहीतरी यायचं आणि हात आपोआप वळायचा. हे सांगताना ते थोडे लाजत, कारण विद्या कुठल्या अवयवात आहे हे चारचौघांत सांगायला बरं वाटत नाही.

मग मंदी आली. आधी जहाजं अर्धी भरून येऊ लागली, मग निम्मी जहाजं यायचीच बंद झाली. जहाजकंपन्या एकमेकींत मिसळल्या आणि एवढ्या धंद्याला खोल पाण्याचं एकच बंदर पुरे, असं त्यांचं ठरलं. ते बंदर हे नव्हतं. रिकाम्या कंटेनरांना जायला जागा उरली नाही, तेव्हा ते कामगार वसाहतीच्या भिंतीला लागून रचले. काकांच्या खिडकीतून पूर्वी समुद्र दिसायचा, आता गंजके डबे दिसू लागले. “पडद्याचं कापड वाचलं,” काकू म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्या खिडकीशी बसल्या नाहीत.

एका सकाळी साहेबांनी सगळ्या क्रेनवाल्यांना बोलावलं. भाषणात ‘भविष्य’ हा शब्द इतक्यांदा आला, की एखादा ज्योतिषीसुद्धा संकोचला असता. मतलब एवढाच, की यापुढे वर कुणी बसायचं नाही. खाली एक थंडगार खोली, खोलीत पडदे, पडद्यांसमोर एक खुर्ची. खुर्चीतला माणूस सगळ्या क्रेन चालवील. बाकीच्यांना रजा. वसाहतीतली घरं बंदराच्या मालकीची, तेव्हा नोकरीबरोबर घरही खाली करायचं.

“आणि खुर्च्या किती?” कुणीतरी विचारलं.

“एक.”

बहुतेकांनी तिथेच हात टेकले. त्या एका खुर्चीसाठीच्या परीक्षेला दोघे उरले: वरचे काका आणि त्यांचे साडू. साडू म्हणजे काकूंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पलीकडच्या इमारतीत राहणारा, पलीकडच्या क्रेनवर बसणारा. मोबाइलवर गाड्यांच्या शर्यती खेळण्यात याचा हात कुणी धरला नसता. धाकटीने या खेळापायी त्याला आजवर इतकं फैलावर घेतलं होतं, की शेजाऱ्यांनाही त्याच्या शर्यतींचे निकाल पाठ होते.

“तुम्ही पास व्हा हो,” परीक्षेच्या सकाळी काकू म्हणाल्या. “पण धाकटीला वाईट वाटायला नको.”

“म्हणजे नक्की काय करू?”

“ते मला काय माहीत! क्रेन तुम्ही चालवता की मी?”

साडूची पाळी आधी. त्याने पडद्यावरचा कंटेनर असा उतरवला, जणू बाळाला पाळण्यात ठेवलं. बाहेर येऊन त्याने काकांचा खांदा दाबला. “साडूभाऊ, सोपं आहे. खेळच आहे.”

“मी पत्त्यांच्या पुढे गेलोच नाही रे,” काका म्हणाले आणि आत गेले.

सुरुवात चांगली झाली. सरावात जमलं होतं तसं कंटेनर उचलला, आणला, ट्रकच्या डोक्यावर आणला. तेवढ्यात बाहेर वारा सुटला. पडद्यावर चित्र हललं. खुर्ची मात्र हलली नाही. काकांच्या कमरेला काहीच निरोप येईना. अशा वेळी जन्मभर जे केलं तेच शरीराने केलं. गुडघे फाकले, पाठ वाकली आणि काकांनी दोन बुटांच्या मधे खाली पाहिलं.

खाली पांढरी फरशी होती. स्वच्छ पुसलेली.

ती फरशी आहे हे उमगेपर्यंत हात खालीच चालला होता. पलीकडे, धक्क्यावर, कंटेनरचा कोपरा ट्रकच्या टपावर बसला आणि टप चेपला. ट्रकमध्ये ड्रायव्हर नव्हता. परीक्षेसाठी तो रिकामाच उभा केलेला.

“काका, तुम्ही खाली काय शोधत होतात?” साहेबांनी विचारलं. त्यांनी खरंच विचारलं होतं, टोमणा नव्हता.

काकांनी पुन्हा खाली पाहिलं. “बूट,” ते म्हणाले.

साहेबांनी मान हलवली आणि साडूला आत बोलावलं.

घरी काकूंनी दारातच विचारलं, “काय झालं?”

“उद्या सांगणार आहेत,” काका म्हणाले आणि बूटही न काढता पलंगावर पडले. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी चेहरा भिंतीकडे केला. काकूंनी तो थकवा समजला. उद्या काय सांगायचं हे काकांनाही माहीत नव्हतं. या वयात, बुडाने झोका मोजणाऱ्या माणसाला दुसरं कोण ठेवून घेणार? सगळ्याच बंदरांवर खोल्या थंड व्हायला लागल्या होत्या.

संध्याकाळी धाकटी आणि साडू आले. धाकटीने आत पाऊल टाकलं आणि थेट काकूंच्या गळ्यात पडली. “ताई, मी यांना म्हटलं, भावजींची कसली चूक! वाराच मेला नेमका तेव्हा सुटला!”

काकूंनी तिला हळूच बाजूला केलं. पलंगाकडे पाहिलं.

“अगं, बस ना,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा. काकांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग साडू पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाला, “साडूभाऊ, तिथं माझ्या हातांचं चित्रीकरण चालू असतं. बोट हललं तरी नोंद. यंत्र शिकतंय. शिकून झालं की खुर्चीपण नको, म्हणे.”

“कोण म्हणे?”

“साहेबच. पास झाल्यावर सांगितलं. हसत.”

“मग तू हो कशाला म्हणालास?”

“नाही म्हटलं असतं तर तुम्हाला दिली असती?”

“नाही.”

“मग झालं तर,” साडू म्हणाला, आणि आपण हे फार जोरात बोललो असं वाटून धाकटीकडे पाहू लागला.

“जेवूनच जा आता,” काकू उठल्या. धाकटी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजली, नळ सुरू झाला. दोघे साडू एकमेकांसमोर बसून राहिले, परीक्षेच्या बाकावर बसावं तसे.

आतून काकूंचा आवाज आला. सहज विचारावं तसा.

“तुमची ती आतली खोली रिकामीच असते ना गं?”

साडूने मोबाइल काढला. तो बंद होता, तरी त्यात पाहू लागला. काकांचे कान स्वयंपाकघराकडे लागले. नळाचं पाणी पडत होतं.

“आहे की, ताई,” धाकटी म्हणाली; पण त्याआधी जरासा वेळ गेला होता, आणि नळ तिने बंद केला नव्हता.