शेवंतीले हात लावू नोका!

आर्वी रोडवरच्या आमच्या फूल संशोधन केंद्रात किस्से तणासारखे उगवतात. आज निंदा, उद्या पुन्हा हजर! जेवणाच्या सुट्टीत एकानं सुरू केला की दुसऱ्याले दम निघत नाई, अन् भाजी थंडी होते.

माह्याच लग्नाचं घ्या. पोरगी पाहाले कारंज्याले गेलतो. तिच्या बापानं इचारलं, "काय काम करता?"

म्या सांगितलं, "शेवंतीचे दांडे मोडतो."

"अन् याचा पगार भेटते?"

"हाव ना!"

माणूस चहा प्यायचा थांबला. पण खरं काम हेच. मोठ्ठं फूल आलं की शेवंतीचा दांडा मान टाकते. कोणता दांडा किती वजनाले मोडते ते आम्ही पाह्यतो, अन् त्यातून ताठ दांड्याची जात शोधायची म्हणून आमची वैशाली पीएचडी करून राह्यली.

* * *

एकदा वैशालीनं दांड्याचा पातळ काप केला, त्याले रंग लावला अन् मले म्हणते, "सुधाकरभाऊ, डोळा लावा."

मायक्रोस्कोपात पाह्यलं अन् अरे बाप्पा! इवल्याशा कापात लाल विटांची गोल विहीर बांधली होती! आमच्या मॅडम पुण्याच्या. त्या म्हणाल्या, "पेशींच्या भिंती किती जाड करायच्या, हे जनुकं ठरवतात. एक जनुक काम सुरू करतं, दुसरं थांबवतं."

म्या इचारलं, "मंग गवंडी कुठी हाये?"

"तेच शोधतोय आपण," मॅडम म्हणाल्या. त्या रात्री मले झोप नाई. घरची तुळससुद्धा येगळी दिसून राह्यली होती.

* * *

गेल्या हंगामात बांधाजवळचं एक झाड असं ताठ उभं, की वजन टांगलं तरी वाकेना. वैशालीनं पेढे वाटले! "भेटलं मले! याच्या जनुकातच हाये!"

पेढा तोंडात असतानाच चंद्रकलाबाई बोलल्या. त्या आमच्याकडे निंदणाले येतात. "त्याच झाडावरून मी रोज येता-जाता हात फिरवतो. लय गोड वाटते मले."

मॅडम बांधावरच बसल्या. "वैशाली, झाडाला सारखा हात लागला की त्याला कळतं गं. त्याची काही जनुकं जागी होतात आणि दांडा जाड होतो. ही ताकद त्याची स्वतःची की बाईंच्या हाताची, आता कसं सांगणार?"

वैशाली रडाले लागली. साऱ्या पीएचडीचा आधार ते एक झाड! अन् चंद्रकलाबाई आपला तळहात उलटासुलटा पाहून राह्यल्या होत्या. "माय वो! माह्या हातानं झाडाच्या आत एवढं होते?"

* * *

मंग त्याच झाडाच्या फांद्या छाटून बंद पॉलिहाउसात लावल्या. बाजूले साधी शेवंती. वारा नाई, हात नाई. ठिबकनं पाणी. फुलं येईपर्यंत साधीसारखीच हीबी वाकली, तर वैशालीचं काम पहिल्यापासून.

वैशाली दारावर पहाऱ्याले! मले शिंक आली तर म्हणे, "भाऊ, तिकडं चिंचेखाली जाऊन शिंकजा!"

एक दिवस आर्वीहून एक पुढारी आले. फुलांत उभं राहून फोटो पाह्यजे होता. वैशाली दारात आडवी. "साहेब, सेल्फी माह्यासंग काढा, पण आत नोका जाऊ!" साहेबानं खरंच काढला अन् गुपचाप गेले.

* * *

फुलं पूर्ण उमलली त्या सकाळी आम्ही चौघं पॉलिहाउसाजवळ जमलो. वैशालीनं कडी मलेच उघडाले लावली. तिनं डोळे मिटले. "भाऊ, तुमीच पाहून सांगा."

साधी शेवंती सारी भुईवर लोळत होती, फुलांचं तोंड मातीत. अन् तिच्या बाजूले त्या झाडाची एकूणएक रोपं उभी! वर थाळीएवढं पिवळं फूल, अन् खाली दांडा सरळसोट. ना वारा लागला होता, ना कोणाचा हात.

म्या पोरीले खांद्याले धरून आत आणलं. तिनं डोळे उघडले अन् एकेक दांडा मोजाले लागली. चंद्रकलाबाईनं दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते.

मॅडम मात्र वाफ्यांमधून हळूहळू चालत पार टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. कधी देवळात न गेलेली बाई. चंद्रकलाबाईनं त्यांच्याकडं पाह्यलं, मंग दाराकडं पाह्यलं.

"मॅडम, तुमच्या चपला काऊन बाहीर?"

मॅडमनं खाली आपल्या चिखलानं भरलेल्या पायांकडं पाह्यलं.

"अगं बाई! काढल्या का मी?"