हातांचा वास

शाळेची स्वयंपाकीण यंदा सुट्टीतही राबत होती. गरीब घरच्या मुलांना सुट्टीत शाळेत फुकट जेवण मिळायचं, ते तीच रांधायची. तिच्या लेकीचं नाव मात्र त्यातून कापलं गेलं. का, तर याच जादा कामाच्या पगाराने घरचं उत्पन्न मर्यादेच्या जरासं वर गेलं. काय पण न्याय! साहेबांनी नियमावर बोट ठेवलं आणि उरलंसुरलं घरी न्यायलाही मनाई केली.

संध्याकाळी लेक तिचे हात हुंगायची. "आई, आज वाटाणे होते ना?"

एके दिवशी आई शाळेतच साबणाने हात खसाखसा धुऊन घरी आली. लेकीने हात हुंगले आणि तिचा चेहरा पडला.

"आई, आज त्या मुलांनाही जेवण नव्हतं?"